पोरांना मोठ्ठं काहीतरी बघायचंय? लिंबच्या विहिरीपासून विजापूरच्या तोफेपर्यंत

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन पोरं, धाकटा सहाचा आणि मोठी अकराची, बरोबर सासूबाई ज्यांचे गुडघे दुखतात, दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस, दोन रात्री साताऱ्यात माहेरी आणि मग मिरजेला नणंदेकडं, गाडी स्वतःची. पोरांनी मोबाईलवर परदेशातल्या रस्त्याकडेच्या भल्यामोठ्या वस्तूंचे व्हिडिओ बघितलेत आणि हट्ट धरलाय की आम्हाला पण असलं जायंट काहीतरी बघायचंय. आपल्याकडं असलं काही आहे का, की सरळ महाबळेश्वरला नेऊन घोड्यावर बसवून आणू, असं तुम्ही विचारलंय.

आहे की. भरपूर आहे. मी साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवतो, तेवीस वर्षं झाली, आधी सुमो होती, मग तवेरा आणि आता एर्टिगा, आणि त्यातले निम्मे दिवस तरी लेकुरवाळ्या कुटुंबांबरोबर गेलेत. त्यामुळं पोरं कुठं रमतात आणि कुठं दहा मिनिटांत 'चला ना घरी' सुरू करतात हे मला आता आरशातनं मागच्या सीटकडं बघूनच कळतं.

पहिली गोष्ट, दिवसाला एकच मोठी वस्तू. बाकी वाटेत जे लागेल ते लागेल पण ठरवून जायचं ते एकच ठिकाण. एका एजंटनं मला एकदा एका दिवसात सात पॉइंट लिहून दिले होते, मुंबईचं कुटुंब होतं, संध्याकाळी पाचला बारका पोरगा सीटवर आडवा झोपलेला आणि त्याचे वडील त्याला हलवून उठवतायत की बाळा ऊठ फोटो काढायचाय. पोरगं रडलं, आई चिडली, परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, सात पॉइंट करायचे असतील तर दुसरी गाडी बघा.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे आणि ती तुम्ही कराच, एक सुतळीचा गुंडा घ्या आणि त्याला फुटाफुटावर गाठी मारा, दहाव्या गाठीला लाल चिंधी बांधा. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात हा गुंडा कायम असतो. का ते पुढं लिंबच्या विहिरीपाशी सांगतो.

पोरं जे व्हिडिओ बघतात त्याबद्दल आधी थोडं. माझ्या गाडीत एकदा सिडनीत राहणारं आपलंच मराठी कुटुंब होतं, त्यांनी त्यांच्याकडच्या मोठ्या केळ्याबद्दल सांगितलं, ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बर म्हणून गाव आहे तिथं १९६४ साली हायवेच्या कडेला तेरा मीटर लांबीचं केळं उभं केलं, कशासाठी तर येणाऱ्या जाणाऱ्या गाड्या थांबाव्यात आणि तिथल्या स्टॉलवरची केळी खपावीत. पुढं त्या देशात असल्या मोठ्या वस्तूंची रांगच लागली, मोठा मेंढा काय, मोठी कोळंबी काय. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. आपल्याकडं गाडी थांबवायला म्हणून असं मुद्दाम कुणी फारसं उभं केलं नाही पण पाण्यासाठी, देवासाठी, लढाईसाठी, जत्रेसाठी केलं, आणि ते एवढं मोठं केलं की आज गाडी आपोआप थांबते. पोरांना हे दोन्ही सांगा, तुलना करू द्या, ती बरोबर करतात.

आता रस्ता. पहिल्या दिवशी पुण्याहून येतानाच लिंब करा, साताऱ्यात पोचून परत मागं यायची गरज नाही. सातारा यायच्या पंधरा एक किलोमीटर आधी हायवे सोडून आत लिंब-शेरीवाडी, तिथं बारा मोटेची विहीर, मोट म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायची चामड्याची पिशवी. रस्ता आत गेल्यावर बारीक होतो, समोरनं ऊस किंवा कडब्याची गाडी आली तर तुम्ही कडेला घ्या, त्यांना रिव्हर्स घ्यायला लावू नका. ही विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, काम चाललं १७१९ ते १७२४. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, वरनं बघितली तर महादेवाच्या पिंडीसारखी दिसते. आत उतरायला रुंद पायऱ्या आहेत, दारावर शिल्पं आहेत, आणि मधे चक्क महाल आहे, खांबांवर कोरीव काम असलेला, विहिरीत महाल हे ऐकूनच पोरं गाडीतनं उतरायच्या आधी चप्पल शोधायला लागतात. तीनशे आंब्यांच्या आमराईला पाणी द्यायला बांधली असं तिथं सांगतात.

सुतळीचं म्हणाल तर २०१३ च्या मे महिन्यात एक सात वर्षांची मुलगी तिथं वर काठावर उभी राहून मला म्हणाली, काका, ११० फूट म्हणजे किती? तिचे वडील म्हणाले खूप. ती म्हणाली खूप म्हणजे किती? आणि मला उत्तर देता येईना. कॅरियरची दोरी गाडीत होती ती आणली, तिची उंची मोजली, पावणेचार फूट भरली, मग आम्ही काठापासून लांब एका सपाट जागेवर ती दोरी पुन्हा पुन्हा टाकत ११० फूट जमिनीवर आडवे मोजले. ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. तिनं एवढ्या लांबून माझ्याकडं बघितलं, मग विहिरीकडं बघितलं आणि गप्पच झाली. नंतर वडिलांना हळूच म्हणाली, बाबा हे सगळं खाली आहे. अकरा मजली बिल्डिंग जमिनीत उलटी खोचली तर जेवढी तेवढी ती विहीर, हे तिला तेव्हा कळलं आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच कळलं, त्याआधी मी शेपन्नास वेळा तिथं गेलो असेन.

तर सुतळी त्यासाठी. मात्र विहिरीत काही सोडून मोजायचं नाही, दगड टाकायचा नाही, आणि वरच्या काठावर जिथं मोटा चालायच्या तिथं धाकट्याचा हात धरूनच ठेवा, कठडा सगळीकडं आहे असं समजू नका. पावसाळ्यानंतर आतल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, रबरी तळाचे बूट घाला.

सासूबाईंना खाली उतरवू नका, पण त्यांना गाडीतही बसवू नका. त्यांना वर मोटेच्या जागेपाशी न्या. त्या पिढीतल्या शेतकरी घरातल्या बायकांनी मोट डोळ्यांनी बघितलेली असते. आमच्या वडिलांनी इंजिन येईपर्यंत मोट हाकली, मला लहानपणीचं अंधुक आठवतं, चामड्याची मोट, तिचा जाड नाडा, बैल उताराच्या धावेवरनं खाली चालले की मोट वर येणार, थारोळ्यात भसकन पाणी ओतणार आणि तिथनं पाटानं शेतात, मग बैल उलट पावली मागं. एका मोटेला एक जोडी धरली तरी बारा मोटांचे चोवीस बैल एकाच वेळी त्या काठावर. पोरांना सांगा डोळे मिटा आणि चोवीस बैल उभे करा. एका आजीबाईंनी तिथं मोटेवरचं गाणं म्हटलं होतं, आवाज थरथरत होता पण चाल पक्की, नात आ वासून ऐकत होती की आपली आजी गाते. तेवढ्यासाठी तरी सासूबाईंना विचारा, लाजतील आधी, मग म्हणतील.

मला पुढं हळूहळू एक लक्षात आलं की आपल्याकडचं मोठं काहीही घ्या, त्यामागं बैल आहेच. म्हणून आता मी पोरांना फूट आणि मीटर नंतर सांगतो, आधी बैल सांगतो. शहरातल्या पोरानं बैल जवळनं बघितला नसेल तर आधी बैल दाखवा. वाटेत कुठंही गोठ्यात बांधलेला असेल, मालकाला विचारून पाच मिनिटं थांबा, कुणी नाही म्हणत नाही.

दुसरा दिवस वाईचा. साताऱ्याहून पस्तीस एक किलोमीटर. ढोल्या गणपती, मूर्ती दहा फूट उंच आणि आठ फूट रुंद, अखंड दगडातली, देऊळ १७६२ साली रास्ते सरदारांनी बांधलं. बाप्पा बघून झाला की लोक निघतात, तुम्ही निघू नका. पोरांना देवळाच्या मागं न्या. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती आहे, कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटावा आणि दोन्ही बाजूंनी वाटे लागावा म्हणून. तिथं घाटाच्या पायरीवर बसून धाकट्याला एक प्रयोग करून दाखवा, पाण्याच्या धारेत आधी तळहात आडवा धरायचा मग कडेनं धरायचा, कुठं जास्त धक्का लागतो ते त्याचं त्याला कळतं. माझ्या गाडीतला एक पोरगा हा प्रयोग अर्धा तास करत बसला होता आणि शेवटी पूर्ण भिजला, आईनं काही म्हटलं नाही कारण कपड्यांचा जोड जादा होता. तो तुम्ही पण ठेवा.

तिथनं मेणवली जवळच. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली घाट, घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधली ही घंटा इकडं आली, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे, मोठीला ते शोधायला लावा, एकदम दिसत नाही, बाजूनं उजेड आला की उमटून दिसतं. महादेवाच्या घाटावर मेरीची घंटा कशी आली ही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलीला नीट सांगितली तर शाळेत जाऊन दहा जणांना सांगेल.

वाईपासून चार-पाच किलोमीटरवर बावधन. दिवाळीत तिथं तुम्हाला काही दिसणार नाही पण पुढच्या वर्षी रंगपंचमीला सुट्टी काढून या, मी हात जोडून सांगतो, या. बावधनचं बगाड म्हणजे काय हे मोबाईलवर कळत नाही. लाकडी गाडा, त्याला दगडाची चाकं, वर उंचच उंच शीड आणि शिडाच्या टोकाला बगाड्या, म्हणजे नवसाचा माणूस, टांगलेला, आणि हे सगळं खिलार बैलांच्या जोड्या ओढतायत, रस्त्यानं नाही, शेताशेतातनं. जोड्या दमल्या की बदलायच्या, पुढच्या जोड्या तयारच असतात, शेतकरी वर्षभर बैल त्यासाठी सांभाळतात. गाडा हलायच्या आधी एक क्षण सगळी गर्दी श्वास धरते आणि मग कण्याचा करकर असा जो आवाज येतो तो छातीत ऐकू येतो. लहान पोरांना घेऊन गर्दीत पुढं घुसू नका, आधीच एखाद्या बांधावर लांब जागा धरा, उन्हाची टोपी आणि पाणी घ्या, आणि गाडी गावापासून लांबच लावा, नाहीतर रात्रीपर्यंत निघत नाही.

काही जण वाईच्या ऐवजी चाळकेवाडीच्या पवनचक्क्या सुचवतील. मलाही त्या आवडतात, सज्जनगड फाट्यावरनं ठोसेघरच्या पुढं वर पठारावर गेलं की नजर जाईल तिथं पांढरे खांब. पण दिवाळीत एक अडचण आहे, वारा पावसाळ्यातला, जून ते सप्टेंबरचा खरा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो आणि बऱ्याच चक्क्या नुसत्या उभ्या असतात, पोरांचा हिरमोड होतो. उलट भर पावसात गेलात तर धुकं इतकं की चक्कीचा फक्त आवाज येतो, भ्रूम भ्रूम, आणि दिसत काहीच नाही. माझ्या अनुभवात सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम. गेलात तर कंपनीच्या कुंपणाच्या आत जाऊ नका, बाहेरनं लांबून पात्याची सावली गवतावर पळते तिच्याशी पोरांना शर्यत लावू द्या, तेवढं पुरतं.

घाटाचा विषय निघालाच आहे तर उलटीचं सांगतो, कारण निम्म्या ट्रिप त्यानं खराब होतात. रिकाम्या पोटी पोरांना गाडीत बसवू नका आणि मिसळ वडा खाऊनही नाही, इडली किंवा पोळी-गूळ असलं हलकं, निघायच्या तासभर आधी. मोबाईल घाटात बंद, हातात पुस्तक पण नको, नजर समोर रस्त्यावर. काच थोडी उघडी. मळमळ होतेय म्हणाला की लगेच जागा बघून थांबा, 'पाच मिनिटं कळ काढ' म्हणालात की सीट धुवायची तयारी ठेवा. आणि ड्रायव्हरला सांगा, म्हणजे तुमच्या मिस्टरांना, वळणावर ब्रेक मारायचा नाही, वळणाच्या आधी मारायचा, मागं बसलेल्याचं पोट त्यानंच ढवळतं.

तिसरा दिवस साताऱ्याहून मिरज, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. इथं दोन वाटा आहेत आणि दोन्हीला मोठ्ठं आहे. एक, हायवेनं सरळ कोल्हापूरच्या दिशेनं टोप-संभापूरला, तिथं चिन्मय गणाधीश, चौथऱ्यासकट ८५ फुटांची गणपतीची मूर्ती, २००१ सालची. पोरांच्या मनात जे 'जायंट' आहे ते अगदी हेच, हायवेवरनं दिसायला लागली की गाडीत आरडाओरडा सुरू होतो. सासूबाईंनाही सोयीचं. मग हातकणंगले जयसिंगपूर करून मिरज. ८५ फूट बघून पोरं म्हणतील विहीर जास्त खोल होती. म्हणू द्या, त्यांनी स्वतः मोजलीय ना.

दुसरी वाट कराडवरनं आत, कडेगाव-विटा रस्ता, मग तासगाव. मला ही जास्त आवडते. कराडात प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, अर्धा तास थांबा, सोबतचा डबा तिथंच खा. कडेगाव मोहरमच्या ताबुतांचं गाव. शंभर फुटांच्या वर जाणारे बांबूचे ताबूत, म्हणजे मिरवणुकीतले मनोरे, शेकडो माणसं खांद्यावर उचलतात, आणि हिंदू-मुसलमान दोघांचे ताबूत असतात, एकमेकांना भेटवतात. मी एकदा मोहरमला गिऱ्हाईक घेऊन गेलो होतो, समोरनं ताबूत हलत हलत येताना बघितला तेव्हा शेजारच्या घराच्या गच्चीवरची माणसं त्याच्यापुढं खेळण्यातली वाटत होती. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकतो त्यामुळं तारीख बघूनच ठरवायला लागतं. दिवाळीत तिथनं नुसतं पुढं जायचं आहे, पण पोरांना जाता जाता सांगा की इथल्या रस्त्यावरनं दहा मजली उंचीचं काहीतरी माणसांच्या खांद्यावरनं जातं.

तासगावला गणपतीचं देऊळ, त्याला दक्षिणेकडं असतं तसं सात मजली गोपुर, म्हणजे दारावरचा उंच मनोरा, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं. महाराष्ट्रात असं गोपुर सहसा दिसत नाही. भाऊ कर्नाटकात मोहिमांवर जायचे, तिकडचं बघून इकडं उभं केलं. धाकट्याला मजले मोजायला सांगा, तो सहा म्हणेल किंवा आठ म्हणेल, पुन्हा मोजायला लावा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथं रथ निघतो, मोठा लाकडी रथ आणि तो बैल नाही, माणसं दोर धरून ओढतात.

मिरजेत पोचलात की संध्याकाळी सतारमेकर गल्लीत एक चक्कर. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, म्हणजे ही याच गावची खास वस्तू अशी सरकारी नोंद झाली. पण पोरांना दाखवायचा तो भोपळा. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे भाजीचा नाही, पंढरपूरकडच्या मळ्यातनं येतो, वाळवून पोकळ केलेला, पितळी घागरीएवढा आणि उचलला तर फुलासारखा हलका. एका कारागिरानं माझ्या गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात तो दिला आणि बोटानं टिचकी मारली, पोरानं कान लावला, परत टिचकी, परत कान. आम्ही त्याचा घेर सुतळीनं मोजला, चार गाठी भरून वर चार बोटं. कारागीर काम करत असतात, त्यामुळं आधी विचारा, वस्तूला आपणहून हात लावू नका, आणि पोरांना नंतर एखादी छोटी वस्तू विकत घेऊन द्या, त्यांचा वेळ घेतलाय आपण.

चौथा दिवस विजापूर, आणि हा लांबचा आहे पण सोडू नका. मिरजेहून कवठेमहांकाळ, जत करून दीडशेच्या आसपास. पहाटे साडेपाचला निघा. वाटेत मिरज तालुक्यात भोसे लागतं, तिथं यल्लम्मा देवीच्या देवळापाशी चारशे वर्षांचा वड होता, २०२० साली हायवेच्या कामात तो जाणार होता, लोकांनी आंदोलन केलं, पोरंटोरं झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि रस्त्याची आखणी थोडी सरकवून झाड ठेवलं. पुढं पावसात तो वड उन्मळून पडला. मी त्या झाडाखाली कितीतरी वेळा गाडी लावून जेवलोय. तिथनं जाताना अजून पण माझा पाय आपोआप ॲक्सिलेटरवरनं निघतो. पोरांना सांगा एवढं, की काही मोठ्या गोष्टी आपण बघायच्या राहून जातात.

विजापुरात पहिलं गोल घुमट आणि ते पण सकाळी, हा वेळेचा मुद्दा मी सगळ्यात कळकळीनं सांगतो. बांधून झाला १६५६ ला, मोहम्मद आदिलशहाची कबर, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आणि आत मधे एकही खांब नाही. चारी कोपऱ्यांत सात मजली मिनार, त्यातल्या जिन्यानं वर चढायचं, पायऱ्या उंच आणि अरुंद, सासूबाईंना अजिबात चढवू नका. त्या खाली घुमटाखाली बसतील, नुसतं मान वर करून बघण्यासारखं आहे. वर घुमटाच्या आत गोल सज्जा आहे, तिथं भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला उभ्या माणसाला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. पण दहा वाजल्यानंतर शाळांच्या सहली येतात आणि पोरं शिट्ट्या मारतात, आरोळ्या ठोकतात, मग नुसता गलका. सकाळी लवकर वर गेलात तर तुमच्या मोठीला एका टोकाला उभी करा, तुम्ही दुसऱ्या टोकाला जा आणि भिंतीशी हळू तिचं नाव घ्या. ओरडायचं नाही, हळू. मी माझ्या लेकीबरोबर हे केलंय, ती आता लग्न होऊन गेली, अजून फोनवर कधीतरी म्हणते, पप्पा तुम्ही भिंतीतनं बोलला होता.

मग मुलुख मैदान तोफ. १५४९ साली अहमदनगरला ओतली, मोहम्मद बिन हसन रूमी म्हणून कारागीर होता त्यानं. चौदा फूट लांब, वजन ५५ टन. तोंडाला सिंहाचा जबडा केलाय आणि त्या जबड्यात हत्ती चिरडलाय. सुतळी तिच्या शेजारी जमिनीवर पसरा, लाल चिंधी आणि वर चार गाठी. आणि मग पोरांना विचारा ही इथपर्यंत आणली कशी असेल. मधे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथनं विजापूरला १६३२ मध्ये आणली, सांगतात की चारशे बैल आणि दहा हत्ती लागले. विहिरीवर चोवीस बैल बघितलेत त्यांनी डोळे मिटून, आता चारशे करायला सांगा. माझ्या गाडीतला एक नऊ वर्षांचा पोरगा इथं म्हणाला, काका मग एवढ्या बैलांना पाणी कुठनं पाजलं असेल? मी गाडी चालवून चालवून दमलो होतो पण त्या प्रश्नानं माझा शीण गेला.

दुपारी तीनला विजापूर सोडा, कितीही आग्रह झाला तरी. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची गडबड सुरू होते, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला, आणि अंधारात तो उसाचा ढीग रस्त्यासारखाच काळा दिसतो. मी स्वतः एकदा कचकन ब्रेक मारून वाचलोय, मागं चार माणसं झोपलेली होती. अंधार पडायच्या आत मिरजेत या. जेवणाचं डब्यातनं बघा, जतच्या पुढं मागं पोरांना चालेल असं जरा विरळच मिळतं, आणि बायकांसाठी स्वच्छ बाथरूम पेट्रोल पंपावर विचारून घ्या, कवठेमहांकाळला आणि जतला दोन्हीकडं थांबा, लागो न लागो.

तुम्ही शेवटी विचारलंय की सासूबाईंना हे सगळं झेपेल का. झेपेल, फक्त दर तासाला गाडी थांबवून त्यांना दहा पावलं चालवा, पाय लोंबकळत ठेवू नका, पायाखाली एक बॅग द्या, आणि पुढच्या सीटवर त्यांनाच बसवा. आणि त्यांना पहिल्याच दिवशी सुतळीचा गुंडा हातात द्या, गाठी त्यांना मारू द्या. एक फूट म्हणजे किती ते पट्टीनं दाखवा, पुढच्या त्या वितीनं करतील.